रक्ताच्या कर्करोगाचे उपचार घेणारी बालके व स्टेरॉइड थांबल्यानंतरची दक्षता

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा, म्हणजेच पूर्वीचा सुपा तालुका, हा दाट अरण्याचा, डोंगरदऱ्यांचा आणि विखुरलेल्या वाड्यावस्त्यांचा प्रदेश आहे. डिग्गीच्या परिसरात उगम पावणारी काळी नदी या तालुक्यातून वाहत जाऊन कारवारजवळ समुद्रास मिळते. पावसाळ्यात येथे मुसळधार वृष्टी होते, आणशी घाटात दरडी कोसळून कारवारचा रस्ता अधूनमधून बंद पडतो आणि आतल्या वस्तीतील रुग्णास मुख्य रस्त्यापर्यंत आणणे हेच एक मोठे काम होऊन बसते. अशा भागातील एखाद्या बालकास रक्ताचा कर्करोग झाल्यास त्याचे मुख्य उपचार हुबळी, बेळगाव, गोव्यातील बांबोळी, बंगळूर किंवा मुंबई येथील मोठ्या रुग्णालयांत होतात. परंतु हे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात आणि त्यांतील बरेचसे दिवस ते मूल आपल्या घरी, आपल्या गावीच काढते.

या घरच्या दिवसांत उद्भवू शकणाऱ्या एका विशिष्ट धोक्याची माहिती पालक, शिक्षक, आशा कार्यकर्त्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी यांना करून द्यावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा धोका वेळीच ओळखला तर त्यावरील उपाय सोपा, स्वस्त आणि बहुतेक आरोग्य केंद्रांत उपलब्ध होण्याजोगा आहे. ओळखला नाही तर मात्र कर्करोग काबूत आलेले मूल एखाद्या तापाने काही तासांत गमावण्याची वेळ येऊ शकते.

रोग आणि त्यावरील उपचार

बालकांना होणाऱ्या कर्करोगांत रक्ताच्या कर्करोगाचे, म्हणजे ल्यूकेमियाचे, प्रमाण सर्वांत अधिक असते. त्यांतही लिम्फोब्लास्टिक नावाचा तीव्र प्रकार विशेषत्वाने आढळतो आणि दोन ते पाच वर्षे वयाच्या मुलांत तो अधिक दिसतो. या रोगात अस्थिमज्जेत अपक्व पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ होते. त्यामुळे निरोगी रक्तपेशी तयार होण्यास जागाच उरत नाही. मूल फिकट पडते, वारंवार ताप येतो, अंगावर काळेनिळे डाग उमटतात आणि हाडे दुखतात.

१९४० सालापर्यंत या रोगावर कोणताही उपचार नव्हता. १९४८ साली अमेरिकेतील डॉ. सिडनी फार्बर यांनी ॲमिनोप्टेरिन या औषधाने काही मुलांचा रोग तात्पुरता मागे हटल्याचे प्रसिद्ध केले. हे औषध ज्या संशोधन विभागात तयार झाले त्याचे प्रमुख डॉ. येल्लाप्रगडा सुब्बराव हे आंध्रातील भीमावरमचे सुपुत्र होते, ही गोष्ट आपणा सर्वांस अभिमानास्पद आहे. त्याच सुमारास कॉर्टिसोन या स्टेरॉइड औषधाचा शोध लागला. त्याबद्दल केंडाल, हेंच आणि राइखस्टाइन यांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. स्टेरॉइडमुळे ल्यूकेमियाच्या पेशी झपाट्याने नाश पावतात असे लवकरच आढळून आले आणि तेव्हापासून आजतागायत स्टेरॉइड हा या उपचारांचा एक मुख्य आधारस्तंभ राहिला आहे.

भारतात १९८० नंतरच्या दशकात मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, मद्रासची कर्करोग संस्था आणि दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांनी एम.सी.पी. ८४१ नावाची समान उपचारपद्धती स्वीकारली. तीत पहिल्या टप्प्यात अन्य औषधांबरोबर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला रोज ४० मि.ग्रॅ. या प्रमाणात चार आठवडे देण्यात येत असे. अलीकडच्या पद्धतींत प्रेडनिसोलोन अथवा डेक्सामेथासोन यांपैकी एक औषध याच रीतीने सुमारे चार आठवडे देतात आणि पुढील टप्प्यांतही काही काळ पुन्हा देतात. पूर्वी असाध्य समजला जाणारा हा रोग आज योग्य उपचारांनी बहुसंख्य मुलांत बरा होऊ शकतो. प्रगत देशांत तर दहांपैकी सुमारे नऊ मुले वाचतात. म्हणूनच अशा मुलांच्या दैनंदिन जपणुकीस आता अधिक महत्त्व आले आहे.

अधिवृक्क ग्रंथींचे कार्य

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात; डॉक्टर मंडळी तिचा उल्लेख ॲड्रिनल ग्रंथी असा करतात. या ग्रंथीच्या बाहेरील थरातून कॉर्टिसोल नावाचा स्राव रक्तात मिसळतो. रक्तातील साखर टिकवून धरणे, रक्तदाब राखणे आणि आजार, अपघात, शस्त्रक्रिया अशा संकटात शरीरास तोंड देण्याचे बळ पुरविणे ही कॉर्टिसोलची कामे होत. निरोगी माणसास ताप आला की त्याच्या अधिवृक्क ग्रंथी आपोआप नेहमीपेक्षा कितीतरी अधिक कॉर्टिसोल सोडतात. या ग्रंथींचे महत्त्व १८५५ साली लंडनच्या गायज रुग्णालयातील डॉ. टॉमस ॲडिसन यांनी प्रथम दाखवून दिले.

या ग्रंथी स्वतःच्या मर्जीने काम करीत नाहीत. मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीकडून त्यांना ए.सी.टी.एच. नावाच्या स्रावाच्या रूपाने आदेश येतो आणि पोष ग्रंथीस तिच्या वरील मेंदूचा भाग आदेश देतो. रक्तात कॉर्टिसोल कमी झाले की वरून आदेश सुटतो आणि पुरेसे झाले की आदेश थांबतो.

स्टेरॉइड थांबल्यावर काय होते?

प्रेडनिसोलोन व डेक्सामेथासोन ही औषधे कॉर्टिसोलचेच काम करतात. ती बाहेरून दिली जाऊ लागली की मेंदूस वाटते, रक्तात कॉर्टिसोल भरपूर आहे. साहजिकच आदेश बंद होतो आणि अधिवृक्क ग्रंथी निष्क्रिय होतात.

याचे प्रमाण एका उदाहरणाने स्पष्ट होईल. सुमारे २० किलो वजनाच्या मुलाच्या शरीराचा पृष्ठभाग अंदाजे ०.८ चौ. मीटर असतो. असे मूल दिवसाकाठी साधारण ५ ते ६ मि.ग्रॅ. कॉर्टिसोल स्वतः तयार करते. वर सांगितलेल्या प्रमाणानुसार त्यास रोज ३२ मि.ग्रॅ. प्रेडनिसोलोन मिळते. प्रेडनिसोलोन हे कॉर्टिसोलच्या सुमारे चौपट प्रभावी असल्याने ही मात्रा १२८ मि.ग्रॅ. कॉर्टिसोलइतकी, म्हणजे नैसर्गिक गरजेच्या वीसपटीहून अधिक होते. डेक्सामेथासोन तर याहूनही कितीतरी प्रभावी आहे.

आपल्याकडील सुपारीच्या बागांना पाटाने पाणी देतात, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. पावसाळ्यात आभाळातूनच भरपूर पाणी मिळत असल्याने पाटाकडे कोणी फिरकत नाही. त्यात गाळ साचतो, गवत माजते. पाऊस थांबला की त्याच दिवशी पाटातून पूर्वीसारखे पाणी वाहील, अशी अपेक्षा कोणताही शेतकरी करीत नाही. गाळ काढून पाट वाहता होण्यास काही दिवस लागतात आणि तोवर बागेस हाताने पाणी घालावे लागते. स्टेरॉइडच्या गोळ्या थांबल्यानंतर अधिवृक्क ग्रंथींची स्थिती अगदी अशीच असते. त्या कायमच्या निकामी झालेल्या नसतात, परंतु पूर्ववत् कामास लागण्यास त्यांना अवधी लागतो. या अवधीत मूल खेळते, जेवते, हसते. वरकरणी काहीच उणे दिसत नाही. मात्र ताप, जुलाब, उलट्या, अपघात किंवा शस्त्रक्रिया यांपैकी काही ओढवले तर शरीरास जे अधिक कॉर्टिसोल हवे असते ते मिळत नाही.

हा धोका वैद्यकास नवा नाही. कॉर्टिसोनचा शोध लागल्यावर थोड्याच वर्षांत, १९५२ साली, संधिवातासाठी हे औषध घेत असलेला एक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर अकस्मात दगावल्याची नोंद अमेरिकेत प्रसिद्ध झाली. त्याच्या अधिवृक्क ग्रंथी आक्रसून गेल्याचे आढळले होते. तेव्हापासून दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णास संकटकाळी हे औषध पुन्हा देण्याचा प्रघात पडला.

हा अवधी किती काळाचा असतो?

ल्यूकेमियाच्या मुलांविषयी निरनिराळ्या देशांत झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा कॉक्रेन संस्थेने वेळोवेळी प्रसिद्ध केला आहे. त्यानुसार स्टेरॉइड बंद केल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत जवळजवळ सर्वच मुलांत अधिवृक्क ग्रंथींचे कार्य अपुरे असते. बहुतेक मुलांत ते काही आठवड्यांत पूर्ववत् होते. थोड्या मुलांत मात्र त्यास अनेक महिने लागतात. काही मुलांत ३४ आठवड्यांपर्यंत हे कार्य अपुरे राहिल्याचे आढळले आहे. बुरशीच्या संसर्गावर दिले जाणारे फ्लुकोनाझोल हे औषध चालू असलेल्या मुलांत हा काळ लांबण्याचा संभव असतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्टेरॉइडची मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करीत बंद केली म्हणजे धोका टळला, असे पुष्कळांस वाटते. मात्रा हळूहळू कमी केल्याने मुलास होणारा त्रास कमी होतो हे खरे. तथापि त्यामुळे ग्रंथी निश्चितपणे जाग्या झाल्या असे समजता येत नाही. म्हणून औषध कोणत्याही रीतीने बंद झालेले असो, पुढील काही आठवडे सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे.

लक्षणे कशी ओळखावी?

अधिवृक्क ग्रंथींचे कार्य अपुरे पडू लागले की पुढील लक्षणे दिसतात :

१. मूल मलूल होते, खेळत नाही, सारखे झोपू पाहते.
२. भूक मंदावते, मळमळते, उलट्या होतात, पोट दुखते.
३. हातपाय गार पडतात, घाम सुटतो, उभे राहिल्यावर चक्कर येते.
४. रक्तातील साखर उतरल्यामुळे मूल बरळते किंवा त्यास झटके येतात. हे विशेषतः पहाटे, रात्रभरच्या उपवासानंतर घडू शकते.
५. शेवटी रक्तदाब घसरून शुद्ध हरपते.

ही लक्षणे साध्या तापात किंवा अजीर्णातही काही अंशी आढळतात आणि हीच खरी अडचण आहे. उत्तर कन्नड जिल्ह्याच्या काही भागांत हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत माकडताप असतो, पावसाळ्यात अन्य तापांची साथ येते. त्यामुळे अंगारा लावून किंवा तापाची गोळी देऊन एक रात्र वाट पाहण्याची प्रवृत्ती असते. ल्यूकेमियाचे उपचार घेणाऱ्या मुलाच्या बाबतीत अशी एक रात्रदेखील वाट पाहू नये. त्याच्या पांढऱ्या पेशी कमी असल्याने जंतुसंसर्ग झपाट्याने पसरतो आणि त्याच वेळी संसर्गाशी झुंजण्यासाठी लागणारे कॉर्टिसोलही अपुरे असते. अशा रीतीने दोन्ही बाजूंनी संकट येते.

पालकांनी घ्यावयाची काळजी

रुग्णालयातून घरी परतण्यापूर्वी पालकांनी डॉक्टरांकडून एक कार्ड लिहून घ्यावे. त्यात मुलाचे नाव व वजन, रोगाचे नाव, स्टेरॉइडचे नाव व मात्रा, ते बंद केल्याची तारीख, संकटकाळी द्यावयाच्या इंजेक्शनची मात्रा आणि रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक असावा. आपल्या तालुक्यातील मूल आज रामनगरच्या डॉक्टरांपुढे, उद्या दांडेलीत, तर परवा गोव्यात असू शकते. तेथील डॉक्टरांची भाषा कन्नड, कोकणी, मराठी यांपैकी कोणतीही असू शकते. म्हणून कार्डावरील वैद्यकीय मजकूर इंग्रजीत व घरच्यांसाठीच्या सूचना मराठीत किंवा कन्नडमध्ये असाव्यात. हे कार्ड शिधापत्रिकेइतकेच जपावे आणि कोणत्याही डॉक्टरकडे, दात काढण्यासाठी गेले तरी, प्रथम ते दाखवावे.

गोळ्या चालू असताना मुलाचा चेहरा सुजल्यासारखा गोल होतो, भूक वाढते, स्वभाव चिडका बनतो. हे पाहून काही पालक घाबरतात आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सांगण्यावरून गोळ्या मध्येच बंद करतात. असे कदापि करू नये. ही लक्षणे तात्पुरती असतात, परंतु औषध अवेळी बंद करण्यात कर्करोग उलटण्याचा आणि ग्रंथींच्या अपुरेपणाचा असा दुहेरी धोका असतो. औषध घेताच मूल उलटी करू लागले आणि गोळी पोटात ठरेनाशी झाली, तर तीही डॉक्टरांस तातडीने कळविण्याची बाब आहे.

घरी एक तापमापक ठेवावा. ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक झाल्यास निघण्याची तयारी करावी. मूल शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर वाटेत साखरेचे किंवा गुळाचे पाणी थोडे थोडे पाजावे. बेशुद्ध मुलाच्या तोंडात काहीही घालू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ या क्रमांकावर संपर्क साधावा. ज्या वस्तीत दूरध्वनीचा संपर्क नीट होत नाही, तेथील पालकांनी कोणाचे वाहन घ्यावयाचे व कोणत्या वाटेने जावयाचे हे मूल बरे असतानाच ठरवून ठेवावे. पावसाळ्याच्या दिवसांत स्टेरॉइडचा टप्पा संपत असेल, तर काही आठवडे रुग्णालयाजवळ अथवा मुख्य रस्त्यालगतच्या नातलगाकडे राहणे अधिक श्रेयस्कर होय. मुंबईस उपचार घेणाऱ्या कुटुंबांना दादरची श्री गाडगे महाराज धर्मशाळा किंवा २००६ साली सुरू झालेली सेंट ज्यूड बालसेवा केंद्रे यांची निवासासाठी मदत होते. रुग्णालयातील समाजसेवा विभागाकडे त्याबाबत चौकशी करावी. खर्चाच्या दृष्टीने पात्र कुटुंबांनी आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक योजनेची माहिती आरोग्य केंद्रातून घ्यावी.

शिक्षक व आशा कार्यकर्त्या यांचे साहाय्य

असे मूल शाळेत येऊ लागले की शिक्षकांनी पालकांकडून कार्डाची एक प्रत मागून घ्यावी. वर्गात ते अचानक मलूल झाले, ओकले किंवा प्रार्थनेच्या वेळी उभे असता चक्कर येऊन पडले तर ते सोंग किंवा उपाशीपणा समजू नये. ताबडतोब पालकांस बोलावून आरोग्य केंद्राकडे न्यावे. शाळेत कांजिण्या किंवा गोवर यांची लागण आढळल्यास त्याच दिवशी पालकांस कळवावे, कारण हे रोग अशा मुलांस अतिशय घातक ठरतात.

आशा कार्यकर्तीने आपल्या क्षेत्रातील अशा मुलाची व स्टेरॉइड बंद झाल्याच्या तारखेची नोंद ठेवावी आणि पहिले दोन महिने घरी वरचेवर जाऊन चौकशी करावी. गावठी औषधे देणाऱ्या काही लोकांच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते. अशी पुडी मुलास दिली जात नाही ना, हेही तिने पाहावे.

वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी

ल्यूकेमियाचे उपचार घेणारे मूल ताप, उलट्या, अतिसार किंवा मलूलपणा घेऊन आल्यास गेल्या काही महिन्यांत त्यास स्टेरॉइड दिले होते काय, हा प्रश्न प्रथम विचारावा. रक्तातील साखर व रक्तदाब तत्काळ तपासावा. ॲडिसनच्या रोगात आढळणारा त्वचेचा काळेपणा किंवा रक्तातील पोटॅशियमची वाढ येथे सहसा आढळत नाही, कारण क्षार सांभाळणारे ॲल्डोस्टेरोन हे मुख्यत्वे ए.सी.टी.एच.वर अवलंबून नसते. म्हणून पोटॅशियम प्रमाणात आहे एवढ्यावरून निदान नाकारू नये.

मूल गंभीर दिसत असल्यास तपासणीच्या निष्कर्षासाठी उपचार थांबवू नयेत. हायड्रोकॉर्टिसोन दर चौ. मीटरला ५० ते १०० मि.ग्रॅ. या मात्रेत शिरेतून द्यावे. साखर उतरली असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज दर किलो वजनास २ मि.लि. द्यावे आणि रक्तदाब घसरला असेल तर सलाइन सुरू करावे. शीर सापडत नसेल तर इंजेक्शन स्नायूत देण्यास कचरू नये; मात्र या मुलांच्या रक्तातील बिंबाणू कमी असण्याचा संभव असल्याने ती जागा नंतर बराच वेळ दाबून धरावी. जंतुसंसर्गाचा संशय असल्यास पहिल्या तासातच प्रतिजैविकाची पहिली मात्रा द्यावी आणि मग पुढे पाठवावे. हायड्रोकॉर्टिसोन हे आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत समाविष्ट असून दम्याच्या रुग्णांसाठी ते बहुधा केंद्रात असतेच. संकटकाळी दिलेल्या अशा एकदोन मात्रांनी मुलाचे नुकसान होण्याचे भय अल्प, तर न दिल्याने होणारी हानी मोठी, हे ध्यानी धरावे.

मूल गंभीर नसून केवळ ताप आहे, अशा वेळी त्याच्या मूळ रुग्णालयाशी बोलून हायड्रोकॉर्टिसोन दर चौ. मीटरला रोज ३० ते ५० मि.ग्रॅ., तीनचार भागांत विभागून, आजार उतरेपर्यंत देण्याचा निर्णय घ्यावा. ग्रंथी पूर्ववत् झाल्या की नाही हे सकाळी आठच्या सुमारास घेतलेल्या रक्तातील कॉर्टिसोलवरून आणि आवश्यक वाटल्यास ए.सी.टी.एच. टोचून केलेल्या चाचणीवरून मोठ्या रुग्णालयात ठरविता येते. असा निर्वाळा मिळेपर्यंत मूल धोक्याच्या काळातच आहे असे समजून चालावे.

उपसंहार

कर्करोगावर मात करण्यासाठी मोठी रुग्णालये, महागडी औषधे आणि तज्ज्ञ डॉक्टर लागतात, आणि ती सर्व गावात आणणे शक्य नाही. परंतु त्या रुग्णालयाने वाचविलेले मूल गावात सुखरूप राखण्यास एक लिहिलेले कार्ड, एक तापमापक, आरोग्य केंद्राच्या कपाटातील एक बाटली आणि वेळेवर निघण्याची तयारी एवढे पुरेसे होते. यांतील प्रत्येक गोष्ट जोयडा तालुक्यातील अगदी आतल्या वस्तीतही होऊ शकते. पालक, शिक्षक, आशा कार्यकर्त्या आणि वैद्यकीय अधिकारी यांनी ही माहिती परस्परांस सांगावी आणि आपल्या गावात असे मूल असल्यास त्याचे कार्ड तयार आहे काय, याची आजच खात्री करून घ्यावी.